आधी पत्ता, मग बाकी सगळं: फ्रान्समध्ये शिकायला गेल्यावर काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

फ्रान्समध्ये प्रत्येक कागद दुसऱ्या कागदाचं बोट धरून येतो. बँक विचारते, घराचा पुरावा कुठाय? घरमालक विचारतो, बँकेचा तपशील कुठाय? आरोग्य विम्याला दोन्ही हवेत, वर जन्मदाखलाही हवा. नव्याने येणाऱ्या मुलांकडे कागद बहुधा पुरेसे असतात. चुकतो तो क्रम, आणि मग सप्टेंबरात व्हायचं काम डिसेंबरात होतं. खालचं सगळं दीर्घ मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षणासाठी येणाऱ्यांना धरून लिहिलं आहे.

निघण्यापूर्वी: जन्मदाखला आणि बॅग

जन्मदाखला आजच काढून बघा. ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून काढलेल्या जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरी असते, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं. असा दाखला फ्रान्समध्ये उपयोगाचा नाही. जन्मनोंद जिथे आहे तिथेच अर्ज करून नाव घालून घ्या. दाखल्यावर आई आणि वडील दोघांची नावं हवीत, आणि स्पेलिंग पासपोर्टशी जुळायला हवं. एकीकडे ‘सुरेश’ आणि दुसरीकडे ‘सुरेशराव’ असेल तर इथला कारकून त्या दोन वेगळ्या व्यक्ती समजतो, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरही आहे. मग राज्यस्तरीय प्रमाणीकरण आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे परदेशात दाखला ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का, करून घ्या. फ्रेंच भाषांतर शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच हवं. फ्रान्समधल्या अपील न्यायालयांच्या याद्यांत त्यांची नावं असतात.

नावाची आपली पद्धत इथे गोंधळ घालते. पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात आपलं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतील, तर फ्रान्सच्या लेखी ती दोन्ही तुमचीच नावं. विद्यापीठ, बँक, विमा, सगळीकडे ती त्याच क्रमाने लिहा. एका अर्जात वडिलांचं नाव घातलं आणि दुसऱ्यात गाळलं की फाईल अडकलीच. लग्न झालेल्या मुलींना माहेरचं आडनाव आणि वापरातलं आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत विचारलं जातं. माहेरचं आडनाव लिहायचा रकाना ‘नों द नेसांस’.

बॅगेत काय नको ते आधी. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणायला मनाई आहे. पेढे, बर्फी, खवा आणि साजूक तूपही त्यातच आलं. ताजी फळं-भाज्या वनस्पती आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. केळी, नारळ, अननस, खजूर आणि दुरियान एवढेच अपवाद. म्हणजे हापूसची पेटी आणि ओल्या कढीपत्त्याची जुडी घरीच ठेवा. गोडा मसाला, मेतकूट, हिंग, सीलबंद लोणचं खुशाल आणा. हिंग तर आणाच, साध्या सुपरमार्केटात तो दिसणार नाही. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणा. चार्जरची दोन गोल पिनांची भारतीय पिन बहुतेक ठिकाणी थेट बसते, तीन पिनांची बसत नाही. दाब २३० व्होल्टच आहे.

प्रवेशाच्या अंतिम नोंदणीआधी ‘सेवेक’ नावाचं शुल्क भरावं लागतं. २०२५-२६ साठी ते १०५ युरो होतं. ते भारतातूनही भरता येतं. पावतीवरचा क्रमांक विद्यापीठ मागतं, खाजगी संस्थाही मागते. देवाणघेवाण कार्यक्रमातून आलेल्यांना ते भरावंच लागत नाही.

पत्ता

सरकारी विद्यार्थी-सेवा संस्था ‘क्रूस’ हिची वसतिगृहं सर्वांत स्वस्त, पण जागा थोड्या आणि अर्ज लवकर. ती मिळाली नाहीत तर खाजगी वसतिगृह, सामायिक घर म्हणजे ‘कोलोकासिओं’, नाहीतर छोटा स्टुडिओ. कायद्याने भाड्याची खोली किमान ९ चौरस मीटर हवी, म्हणजे साधारण ९७ चौरस फूट. पॅरिसमध्ये अशा खोल्या म्हणजे जुन्या इमारतींच्या छपराखालच्या, लिफ्ट नसलेल्या सहाव्या मजल्यावरच्या. सामान वर चढवायची तयारी ठेवा.

घरमालक हमीदार मागतो, तोही फ्रान्समध्ये कमावणारा. आपल्याकडे तो कुठून असणार? त्यासाठी ‘विझाल’ ही मोफत हमी आहे. ३० वर्षांपर्यंतच्या विद्यार्थ्यांना मिळते. एकच अट डोक्यात ठेवा: हमीपत्र भाडेकरारावर सही करण्याआधी हातात हवं. सही आधी करून नंतर अर्ज केला की संपलं.

अनामत रकमेला मर्यादा आहे: फर्निचरसह घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं मूळ भाडं, विनाफर्निचर घराला एक महिन्याचं. विद्यार्थ्यांसाठी फर्निचरसह ९ महिन्यांचा करार करता येतो, आणि सोडायचं असेल तर एक महिन्याची लेखी नोटीस पुरते. घर न पाहता, करार न करता पैसे मागणारा माणूस ठगच समजा. ‘मी सध्या परदेशात आहे, चावी कुरिअरने पाठवतो’ ही कहाणी वर्षानुवर्षे तीच आहे, तरी दर सप्टेंबरात कुणीतरी फसतंच.

चावी घेताना घराची स्थिती नोंदवणारा कागद भरतात, ‘एता दे लियो’. घाई करू नका. प्रत्येक नळ सोडून बघा, बेसिनखाली हात घालून ओल आहे का बघा, गादीचे डाग, भिंतीतली भोकं, खिडकीची कडी, सगळ्याचे फोटो काढा. नंतर काही सापडलं तर १० दिवसांच्या आत लेखी कळवून ते नोंदीत घालता येतं. हीटरबाबत थंडीतल्या पहिल्या महिनाभराची मुभा असते. निघताना याच कागदाशी ताडून अनामत परत मिळते: सगळं जसंच्या तसं असेल तर एक महिन्यात, फरक असेल तर दोन महिन्यांत.

आता सगळ्यात छोटं आणि सगळ्यात जास्त राहून जाणारं काम. त्याच दिवशी टपालपेटीवर आपलं नाव चिकटवा. फ्रान्समध्ये पोस्टमन खोली क्रमांकावर नव्हे, नावावर पत्र टाकतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र ‘या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही’ असा शेरा घेऊन परत जातं. त्यात बँकेचं कार्ड असतं, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात असतो, विम्याची पत्रं असतात. कुणाच्या घरी तात्पुरते राहत असाल तर पत्त्यात यजमानाच्या नावाआधी ‘शे’ हा शब्द घालायला सांगा, म्हणजे ‘अमुकच्या घरी’.

घराचा विमा भाडेकरूला सक्तीचा आहे आणि त्याचं प्रमाणपत्र चावी देतानाच मागतात. त्यात ‘रेस्पोंसाबिलिते सिव्हिल’, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई, हे कलम आहे ना ते बघा. पुढे इंटर्नशिपच्या वेळी महाविद्यालय नेमका तोच कागद मागतं.

व्हिसाची ऑनलाईन नोंद

हे काम पहिल्याच आठवड्यात उरका, कारण याला बँक खातं लागत नाही. ‘वेएलएस-तेएस’ प्रकारचा, म्हणजे निवास परवान्याचंही काम करणारा दीर्घ मुदतीचा व्हिसा फ्रान्समध्ये पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर वैध करून घ्यावा लागतो. व्हिसा क्रमांक, पोचल्याची तारीख, इथला पत्ता आणि शुल्काचा डिजिटल मुद्रांक एवढंच लागतं. मुद्रांक कार्डाने ऑनलाईन मिळतो, नाहीतर ‘ताबा’ म्हणजे तंबाखूच्या दुकानातही मिळतो. शेवटी येणारं पीडीएफ जपा. पुढे प्रत्येक कचेरी ते मागते. मुदत हुकली तर इथला मुक्काम बेकायदा ठरतो, आणि मध्येच शेंगेनबाहेर, म्हणजे सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांबाहेर गेलात तर परत शिरता येत नाही.

बँक आणि ‘रिब’

‘रिब’ म्हणजे खात्याचा तपशील असलेलं एक पान. भाडं, फोन, वीज, विमा, पगार, सगळं त्यावर चालतं, आणि ते तुमच्याच नावाचं हवं. मित्राचं देऊन भागत नाही. बँकेत आधी वेळ घ्यावी लागते, सप्टेंबरात ती दोन-तीन आठवड्यांनंतरचीही मिळते. सोबत पासपोर्ट-व्हिसा, महाविद्यालयाचं नोंदणीपत्र आणि पत्त्याचा पुरावा, म्हणजे भाडेकरार, वसतिगृहाचं पत्र किंवा तीन महिन्यांच्या आतलं वीजबिल. कुणाकडे राहत असाल तर यजमानाचं सहीचं पत्र, त्यांच्या ओळखपत्राची प्रत आणि त्यांच्या नावाचं बिल, तिन्ही एकत्र द्या.

बँकेने खातं नाकारलं तर वाद घालू नका. नकार लेखी मागा. ते पत्र घेऊन बांक द फ्रांस या मध्यवर्ती बँकेकडे गेलं की ती एका बँकेची नेमणूक करते आणि त्या बँकेला खातं उघडावंच लागतं. फोनवरच्या बँकांचं खातं लवकर उघडतं, पण काहींचा आयबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, दुसऱ्या देशाचा असतो. युरोपीय नियमांनुसार तो नाकारता येत नाही, तरी काही जण नाकारतात. फ्रेंच आयबान म्हणजे ‘एफआर’ने सुरू होणारा, जमेल तर तोच घ्या.

घरभाड्याची सरकारी मदत ‘काफ’कडून मिळते. पण २०२६च्या अर्थसंकल्पात युरोपीय संघाबाहेरच्या, शिष्यवृत्ती नसलेल्या विद्यार्थ्यांना त्यातून वगळायचा प्रस्ताव आला. महिन्याचं गणित ती मदत न धरता मांडा; आली तर आली. व्हिसासाठी महिन्याला ६१५ युरो दाखवावे लागतात. पॅरिसमध्ये बहुतेकदा तेवढं भाड्यातच जातं.

आरोग्य विमा आणि डॉक्टर

महाविद्यालयात नोंदणी झाली की परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या संकेतस्थळावर अर्ज करा. तो मोफत आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते दुसऱ्याच कुणाचं तरी. पासपोर्ट, व्हिसा, नोंदणीपत्र, रिब आणि तो जन्मदाखला. आधी तात्पुरता क्रमांक येतो, दाखला पसंत पडला की कायमचा, आणि मग ‘कार्त विताल’ हे विम्याचं हिरवं कार्ड मागवता येतं. अर्ज महिनोन्‌महिने एकाच जागी दिसत असेल तर बहुतेक वेळा दाखल्यावर पालकांची नावं नसतात किंवा स्कॅन अर्धवट कापलेला असतो. स्कॅन चारही कडांसकट, मागच्या बाजूसह करा.

नेहमीचा डॉक्टर निवडून त्याचं नाव विम्याकडे नोंदवावं लागतं. त्याला ‘मेद्सँ त्रेतां’ म्हणतात. याने काय फरक पडतो ते हिशेबाने बघा. साध्या डॉक्टरची फी डिसेंबर २०२४ पासून ३० युरो. डॉक्टर नोंदवलेला असेल तर ७० टक्के, म्हणजे २१ युरो, त्यातून २ युरो कापून १९ परत. नोंदवलेला नसेल तर ३० टक्के, म्हणजे ९, त्यातून २ गेले की ७. उरलेल्या वाट्यासाठी ‘म्युत्युएल’ नावाचा पूरक विमा असतो. चष्मा किंवा दातांचं काम निघणार असेल तर तो घ्या, नसेल तर आधी विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात जा. तिथे मोफत तपासतात आणि मानसोपचाराचीही सोय असते. क्रमांक पाठ असू द्या: वैद्यकीय तातडी १५, पोलीस १७, अग्निशमन १८, सगळ्यासाठी ११२.

जेवण: आधी ताट, मग चूल

विद्यापीठाच्या खाणावळीला ‘रेस्तो यू’ म्हणतात. २०२५ मध्ये ताट ३.३० युरोला होतं, शिष्यवृत्तीवाल्यांना १ युरो; चालू दर बघून घ्या. ताटात एक मुख्य पदार्थ आणि जोडीला सॅलड, चीज, फळ, गोड यांतले काही ठरावीक पदार्थ येतात. ट्रेवर एक वाटी जास्त ठेवली की गल्ल्यावर वेगळे पैसे लागतात. पैसे ‘इझली’ या खात्यातून, फोनवर किंवा विद्यार्थी कार्डाने भरायचे. खातं सुरू करायचा ई-मेल नोंदणीनंतर येतो आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये पडून राहतो. बहुतेक खाणावळी दुपारी साडेअकरा ते दोन. रात्री थोड्याच, आणि शनिवार-रविवारी जवळपास बंद.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘वेजेतारियँ’ म्हणू नका. काहींच्या मते मासा त्यात चालतो. ‘सां व्यांद नी प्वासों’ म्हणा: मांस नको, मासाही नको. पाटी वाचताना बफ म्हणजे गोमांस, व्हो म्हणजे वासराचं मांस, पोर आणि जांबों म्हणजे डुकराचं. सॅलडमध्ये आणि किशमध्ये (अंडी-सायीचं सारण भरलेला खारा पाय) ‘लार्दों’ नावाचे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे लपून बसतात. दही-पुडिंगात प्राण्यांपासून काढलेलं जिलेटीन असू शकतं. बऱ्याच चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट, म्हणजे दूध फाडायचा पदार्थ, असतं. कडक पाळणाऱ्यांनी वेष्टन वाचावं.

आता चूल. खोलीत बहुधा दोन विजेच्या तबकड्या असतात. इंडक्शन असेल तर आईने दिलेला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणारच नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते घरीच बघून घ्या. लोखंडी तबकडी असेल तर अडचण उलटी: बटण कमी केलं तरी ती पाच-सात मिनिटं तापलेलीच राहते. म्हणून शिट्टी झाली की बटण फिरवून थांबू नका, कुकर उचलून बाजूच्या थंड तबकडीवर ठेवा. भातासाठी मात्र हीच उष्णता कामाची. पाणी आटत आलं की वीज बंद करा, झाकण तसंच राहू द्या, वाफेवर भात मुरतो.

फोडणीचं जरा वेगळं. प्रत्येक घरात धूर ओळखणारं यंत्र सक्तीचं आहे, आणि ९ चौरस मीटरच्या खोलीत ते कढईपासून दोन हातांवर असतं. तेल धुरावेपर्यंत तापवायची सवय इथे सोडा. खिडकी आधी उघडा, वसतिगृहाच्या मार्गिकेकडचं दार बंद ठेवा, कारण धूर मार्गिकेत गेला की अख्ख्या इमारतीची घंटा वाजून सगळे थंडीत खाली उभे राहतात. तेल मध्यम गरम झालं की एक मोहरी टाकून बघा. तडतडली की बाकीची टाका, झाकण ठेवा, जिरं-हिंग-हळद घालून लगेच शिजलेली डाळ ओता. मिरची शेवटी, डाळीत. मिरची थेट तेलात पडली की शेजारच्या खोल्यांतून खोकल्याचे आवाज सुरू होतात.

सुपरमार्केटात काय मागायचं: मसूर डाळ म्हणजे ‘लांती कोराय’, ही कुकरशिवाय पंधरा मिनिटांत शिजते. हळद ‘क्युरक्युमा’, जिरं ‘क्युमँ’, बेसन ‘फारीन द प्वा शीश’, रवा ‘सेमूल फीन’. तूरडाळ, पोहे, साबुदाणा यांसाठी भारतीय किंवा श्रीलंकन दुकान गाठावं लागतं. पॅरिसमध्ये गार द्यू नोर आणि ला शापेल स्थानकांच्या मधल्या गल्ल्यांत ती रांगेने आहेत. पिठाच्या पिशवीवर ‘टी’ आणि आकडा असतो. टी ४५ आणि टी ५५ म्हणजे आपला मैदा, टी १५० म्हणजे कोंड्यासकट. पोळीला टी ११० घ्या, नाहीतर टी ५५ आणि टी १५० निम्मं-निम्मं. कोमट पाण्याने सैलसर मळून अर्धा तास झाकून ठेवा. न भिजवता लाटलं की कडा फाटतात. दुधाचं झाकण लाल असेल तर सायीसकट, निळं अर्धी साय काढलेलं, हिरवं पूर्ण काढलेलं. बाहेर मांडलेलं टिकाऊ दूध पनीरला नीट फाटत नाही. शीतकपाटातलं ताजं लाल झाकणाचं घ्या. ताक हवं असेल तर ‘ले रिबो’ शोधा.

खरेदी शनिवारपर्यंत उरका. रविवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद असतात.

वर्ग, गुण आणि बोंजूर

गुण २० पैकी. १० ला उत्तीर्ण, १२ ठीक, १४ चांगले, १६ उत्तम. ८५ टक्क्यांची सवय असलेल्याला १३ गुण पाहून धक्का बसतो. इथे १३ ला कुणी नाक मुरडत नाही. भारतातल्या टक्केवारीशी थेट तुलना करू नका आणि घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. वर्षाला ६० युरोपीय श्रेयांक. मोठ्या व्याख्यानाला हजेरी बऱ्याचदा नसते, पण छोट्या गटाच्या ‘तेदे’ला असते आणि तिथली गैरहजेरी गुणांत दिसते. दशांशाला स्वल्पविराम वापरतात. त्यांचा हाताने लिहिलेला १ आपल्याला ७ वाटतो, म्हणून ते ७ ला मधून आडवी रेघ देतात, तुम्हीही द्या.

दुकानात, बसमध्ये, कचेरीत शिरताना पहिला शब्द ‘बोंजूर’ म्हणजे नमस्कार, मग एक क्षण थांबा, मग काम सांगा. थेट ‘एक्स्क्यूज मी’ने सुरुवात केली तर समोरचा तुटक उत्तर देतो आणि आपल्याला वाटतं, इथले लोक उद्धट आहेत. प्राध्यापकांना ‘मस्य’ किंवा ‘मादाम’, आणि ‘त्यू’ म्हणजे एकेरी ‘तू’ नव्हे, ‘वू’ म्हणजे ‘तुम्ही’.

काम आणि प्रवास

विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ९६४ तास काम करता येतं. आठवड्याची नव्हे, वर्षाची मर्यादा. किमान वेतन नोव्हेंबर २०२४ पासून तासाला ११.८८ युरो होतं, करपूर्व. ते वरचेवर वाढतं, चालू आकडा करार करताना बघा. पगारपत्रक प्रत्येक महिन्याचं जपा. हातात रोख देऊन पगारपत्रक टाळणाऱ्याकडे काम करू नका. निवास परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी तेच अंगाशी येतं. पॅरिस परिसरात २६ वर्षांखालच्यांना ‘इमाजिन आर’ हा वार्षिक पास परवडतो. आगगाडीसाठी २७ वर्षांपर्यंत ४९ युरोचं वार्षिक सवलत कार्ड आहे. ३० टक्के सूट मिळते, दोन लांबच्या फेऱ्यांत वसूल.

नूतनीकरण

निवास परवाना संपण्याआधी ४ ते २ महिने या काळातच अर्ज करायचा. ३१ ऑगस्टला संपत असेल तर मे-जून, म्हणजे ऐन परीक्षांत. गुणपत्रिका, हजेरी, पुढच्या वर्षाचं प्रवेशपत्र, पैशांचा पुरावा, पत्ता आणि मान्यताप्राप्त फोटोयंत्रातून काढलेल्या ई-फोटोचा कोड लागतो. नापास झाला असाल तर कारण सांगणारं पत्र आणि विभागाचं शिफारसपत्र आधीच जोडा. अभ्यास गांभीर्याने चालू आहे का, हेच ते बघतात. जुलै-ऑगस्टमध्ये कचेऱ्या अर्ध्या रिकाम्या असतात, कार्ड उशिरा येतं. म्हणून गणपतीला घरी जायचं तिकीट नवं कार्ड हातात पडल्यावरच काढा, भलेही ते तेव्हा महाग पडो.